ओट्स चॉकलेट चिप कुकीज : ३५० डिग्री आमच्या ओव्हनला नाहीतच, काय करू?

टिळकवाडीची वहिनी
नमस्कार मंडळी. माझी नणंद अमेरिकेत असते, तिनं ओट्स चॉकलेट चिप कुकीजची रेसिपी व्हॉट्सॅपवर पाठवलीय आणि पोरं मागं लागल्यात कर कर म्हणून. रेसिपी अशी : बटर २ स्टिक, ब्राऊन शुगर १ कप, साखर अर्धा कप, अंडी २, मैदा दीड कप, सोडा १ टीस्पून, ओट्स ३ कप, चिप्स २ कप, ३५० डिग्रीला १० मिनिटं. आता ही स्टिक म्हणजे काय ते कळंना, आमच्या ओटीजीचं बटण २५० च्या पुढं फिरतच नाही मग ३५० कुठनं आणू, आणि ब्राऊन शुगरचा दर बघून पाकीट परत रॅकवर ठेवून आले. गूळ मात्र घरात ढीग आहे, माहेरनं संकेश्वरहून येतो, तो चालंल काय? सासूबाई अंडं खात नाहीत, आणि त्यांना सोडून आम्ही खायचं हे बरं दिसत नाही. लोणी घरचं चालेल की विकतचं बटरच पायजे? नणंदेला विचारलं तर म्हणते यूट्यूब बघ.

निपाणीकर
वहिनी ते ३५० फॅरनहाइट आहे वो! आपल्या सेल्सिअसमध्ये १७७ होतंय, १८० ला लावा, ओटीजीचे वरचे खालचे दोन्ही रॉड चालू करून निदान १५ मिनिटं आधी तापवा. स्टिक म्हणजे तिकडं बटर कांड्यांत मिळतं, एक कांडी ११३ ग्रॅम. पहिल्यांदा करालाय तर निम्मंच माप घ्या, आपली १०० ग्रॅमची बटरची वडी जवळपास पुरते. मग बाकीचं असं : ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, साखर ५० (आपल्या तोंडाला तीही जास्त होते, मी ३० घालतो), मैदा ९५, ओट्स १३५, सोडा अर्धा टीस्पून आणि एका अंड्याच्या जागी काय ते काकू सांगतीलच. चिप्स मापात १७० येतात पण १०० खूप झाल्या. मैदा तेवढा काट्यावर मोजा, कप दाबून भरला तर सहज ३०-४० ग्रॅम जास्त जातोय आणि मग कुकी कोरडी ठक्क. आणि आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतंय, वरनं मीठ घालू नका.

खानापूरची काकू
अंड्याला जवस. चटणीला आणलेले असतीलच घरात, ते कच्चेच मिक्सरला बारीक करायचे, एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची, चिकट बुळबुळीत झालं की एका अंड्याचं काम करतं. भाजलेले घेऊ नको गं, वास वर येतो. लोण्याचं म्हणशील तर घरच्या लोण्यात ताक राहतंच कितीही धुतलंस तरी, त्या पाण्यानं मैदा चिवट होतो आणि कुकी पसरते. त्यापेक्षा कणीदार तूप घे, पण ८० ग्रॅमच, कारण बटरमध्ये शंभरात ऐंशीच्या आसपासच स्निग्ध असतं, बाकी पाणी. चिमूटभर मीठ आणि दोन चमचे दूध घाल. मात्र तुपाची कुकी नानकटाईच्या वळणावर जाते, खुसखुशीत होते, मधे मऊ राहत नाही. आमच्या घरात तीच आवडते, मला विचारशील तर त्या मऊ कुकीचं एवढं कौतुक का ते कळत नाही.

ओव्हनवेडी_हिंदवाडी
काकू 😄 मधे मऊ हवी म्हणून तर एवढा खटाटोप! वहिनी, तूप नको, विकतचं बटरच घे. फ्रीजमधनं काढून बाहेर ठेव, बोट दाबलं की खड्डा पडला पायजे पण बोट आत बुडता कामा नये. वितळवून अजिबात घालू नको, नायतर ट्रेमध्ये सगळ्या मिळून एकच कुकी होते. साखरेबरोबर फेसून घे, रंग फिकट होऊन चमच्यावरनं सुटायला लागेपर्यंत.

आता गूळ. ब्राऊन शुगर म्हणजे काय फार मोठं नाही, साधी साखर आणि तिला चोळलेली मळी, त्या मळीमुळंच कुकी ओलसर राहते. आणि आपल्या भागात त्याला सोपा जोड आहे की, काकवी! १०० ग्रॅम साखरेला अर्धा टेबलस्पून काकवी हातानं चोळ, गुठळ्या फोड, झालं. मळी आणि काकवी एकच नव्हे पण कुकीत काम भागतं. सीझनमध्ये गुऱ्हाळावरनं बाटली भरून आणली की मला वर्षभर जाते. नुसता गूळच घालायचा असेल तर कोरडा किसून चाळून घे, खडे राहिले तर ओव्हनमध्ये वितळून काळे चिकट डाग पडतात. आणि गुळाच्या कुकीचा रंग लवकर चढतो, त्यामुळं रंगावर जाऊन भाजली म्हणू नको.

ओट्स कुठले घेणार आहेस? तिकडच्या रेसिपीत बहुतेक रोल्ड ओट्स असतात, जाड चपटे. इन्स्टंट घेतलेस तर पिठाळ होतं सगळं. आणि ते मसालावाले नकोत हे सांगायला नको, पण आमच्या जाऊबाईंनी घातले होते म्हणून सांगते.

कॅम्पातला बाब्या
बेळगाव उंचावर आहे ना, त्यानं फरक पडत असेल. हिल स्टेशनला केक नीट होत नाही म्हणतात.

निपाणीकर
बाब्या, बेळगाव धरून चाल अडीच हजार फूट. उंचीसाठी मापं बदलायची ती साधारण तीन हजारांच्या पुढं, तेही केकला जास्त, कुकीला एवढं काही नाही. आपल्याकडं नडते ती पावसाळी हवा, जांबोटी-खानापूर साइडला तर विचारू नका. ओव्हनमधनं काढलेल्या कुकीज पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

टिळकवाडीची वहिनी
अगं बाई, ३५० चं कोडं एका मिनिटात सुटलं 😀 काकवी आहे घरात, पोरं भाकरीबरोबर खातात. काकू तुमच्या तुपाच्या पण करून बघते, सासूबाईंना त्याच आवडतील असं वाटतंय. अजून दोन शंका. चिप्स म्हणून दुकानदारानं जे सुटं दिलंय ते खाऊन बघितलं तर मेणचट लागतंय. आणि आमचा ओटीजी लहान, एका वेळी सहा कुकीज मावतात, तर दिवाळीत नानकटाई बेकरीच्या भट्टीत भाजून आणतो तशा ह्या नेल्या तर?

ओव्हनवेडी_हिंदवाडी
मेणचट म्हणजे कंपाउंड आहे ते. पाकिटावर कोको बटर लिहिलेलं असेल तर खरं चॉकलेट, वनस्पती फॅट लिहिलं असेल तर कंपाउंड. त्यापेक्षा डार्क चॉकलेटचा स्लॅब घेऊन सुरीनं ओबडधोबड चिर, लहानमोठे तुकडे पडतात, मोठे तुकडे खाताना दाताखाली मऊ लागतात आणि भुगा पिठात मिसळून जातो. मी चिप्स आणायचंच सोडलंय.

भट्टीला नेऊ नको बाई. लाकडाच्या भट्टीत पाव निघाल्यावर आच उतरत जाते तेव्हा नानकटाई घालतात, ती आच नेमकी किती ते त्या बेकरीवाल्यालाच माहीत. नानकटाई मिनिट-दोन मिनिटं मागंपुढं झाली तर खपते, इथं तेवढ्यात चॉकलेट करपतं. त्यात ह्या कुकीज कच्च्या दिसत असतानाच काढायच्या असतात, कडा तेवढ्या सोनेरी आणि मधला भाग फुगीर, लिबलिबीत, हात लावला तर बोट चिकटेल असा. बेकरीवाला म्हणणार अजून कच्चं आहे आणि परत आत सारणार! घरीच कर. १० ते १२ मिनिटांत काढ आणि ट्रेवरच पाच मिनिटं राहू दे, गरम ट्रेवर आतला भाग होत राहतो. लगेच उचललीस तर मोडते.

खानापूरची काकू
आणि पीठ कालवल्यावर अर्धा तास तरी फ्रीजला ठेव. ओट्स ओल ओढून घेतात, बटर घट्ट होतं, कुकी पसरत नाही. मग लिंबाएवढे गोळे करून जरा चेपायचे, दोन-दोन इंच लांब ठेवायचे.

कॅम्पातला बाब्या
मधेच लाईट गेली तर?

खानापूरची काकू
दार उघडू नको, पाच-सात मिनिटं झालेली असली तर आतल्या उष्णतेवर होऊन जातात. गोळे नुसते आत ठेवलेत आणि गेली, तर ट्रे काढून फ्रीजला सार आणि लाईटची वाट बघ.

ओव्हनवेडी_हिंदवाडी
वहिनी, ओटीजी लहान आहे ना, मग सगळ्या एकदम भाजतेस कशाला? सहा भाज, बाकीचे गोळे डब्यात घालून फ्रीजरला टाक. महिना-दोन महिने राहतात. पोरांनी मागितलं की वितळू न देता तसेच ओव्हनमध्ये, फक्त मिनिट-दोन मिनिटं जास्त. निम्म्या मैद्याऐवजी कणीक घालून बघायची असेल तर दुसऱ्या खेपेला बघ, पहिल्यांदा मापाप्रमाणं होऊ दे.

टिळकवाडीची वहिनी
चालतंय. रविवारी करते. नणंदेला मात्र सेल्सिअसचं सांगणार नाही, हसत बसेल.