अंगठे ५२, माणसं तीन: स्वयंसेवकांशी बोलण्याचे अनुभव

गोव्यात फुकट राबणाऱ्यांची वानवा नाही. वाचनालय, भजनी मंडळ, किनारा साफ करणारे, रक्तदानवाले, सगळीकडे माणसं आहेत. तरी ऐन दिवशी तीनच टाळकी उभी का दिसतात? उपदेश नको, घडलेलं लिहा. संस्थांची नावं टाळा. सुरुवात मी करतो.

आमचं वाचनालय फोंडा तालुक्यातलं. पावसाच्या आधी पुस्तकांना ऊन दाखवायचं, कसर झाडायची, कव्हरं घालायची. मी ग्रुपवर लिहिलं, 'तरी सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.' ५२ अंगठे आले. माणसं आली तीन, त्यातला एक मी. पुढच्या वर्षी विनंती केलीच नाही, एकेकाला फोन लावला. 'बाय, रविवारी नऊ ते अकरा. तुला कादंबऱ्यांचं एकच कपाट. अकराला सोडतो, नुस्तें (मासे) आणायला उशीर व्हायचा नाही.' १४ जण आले. अकराला सोडतो म्हटलं ते लागू पडलं असावं. नऊला सुरू झालेलं काम जेवणवेळ टळली तरी चालूच, अशी आमची ख्याती होती.

पेडण्याहून

मोरजीला कासवांची अंडी राखायला वनखात्याच्या माणसांबरोबर आम्ही कॉलेजची पोरं रात्री बसायचो. पहिल्या रात्री आमच्या गटाच्या दादांनी एवढंच सांगितलं, 'टॉर्च मारायचा नाही.' का, ते नाही. दुसऱ्या रात्री एकाने मारलाच. तिथे एक म्हातारे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, बसलेले. ते ओरडले नाहीत. वाळूत बोटाने रेघ ओढून म्हणाले, 'हा दर्या. पिल्लू बाहेर आलं की उजेड दिसेल तिकडे धावतं. रात्री पाणी चकाकतं म्हणून ते दर्याकडे जातं. तुझा टॉर्च इकडे, मग ते कुठे जाईल?' त्यानंतर आमच्यातला कोणी मोबाइलसुद्धा उघडेना.

ऑलिव्ह रिडलीची पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. त्यातल्या कितीतरी रात्री आम्ही जागलो. पिल्लं सोडली तो दिवस मात्र आम्हाला पेपरातल्या फोटोवरून कळला. फोटोत उभी होती ती माणसं आम्ही कधी किनाऱ्यावर पाहिली नव्हती. भांडलो नाही. पुढच्या मोसमात गेलो नाही, बस्स.

मडगावहून

आमच्या रक्तदानाच्या गटात सासष्टीतले एक अंकल होते. ऐंशीच्या घरातले, पोर्तुगीज काळात शिकलेले. कोकणी झकास बोलतात, वाचतात ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. आम्ही सगळं शुद्ध मराठीत, देवनागरीत टाकायचो. अंकल प्रत्येक निरोपाला अंगठा देत आणि शिबिराला येत नसत. आम्ही त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली. तीन महिन्यांनी भर बाजारात भेटले आणि हळूच म्हणाले, 'बाय, तूं बरयता तें म्हाका वाचूंक येना.' (तू लिहितेस ते मला वाचता येत नाही.) लाज वाटली हो. आता लेखी निरोपाच्या मागोमाग अर्ध्या मिनिटाचा कोकणीतला आवाजी निरोप जातो. अंकल वेळेआधी हजर असतात, आणि आमचे देवनागरीवालेसुद्धा लिहिलेलं न वाचता तोच ऐकतात!

(धागाकर्ता: आपण घरात कोकणी बोलतो आणि ग्रुपवर लिहायला बसलो की सरकारी परिपत्रक होतो. माझंच वरचं वाक्य बघा.)

दिवाडी बेटावरून

पणजीतल्या सभेतून मी दरवेळी मधेच उठायचो. 'हा कामचुकार' असं माझ्या पाठीमागे ठरलं. फेरीबोट चुकली की पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर डास मारत बसावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात नाही आणि मीही बोललो नाही. नव्या सचिव बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'तुम्हाला कितीची बोट?' सभा अर्धा तास आधी घेतली. आता सभा संपेपर्यंत बसतो.

डिचोलीहून

दोनच ओळी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे आठ दिवस कुणाला काम सांगू नका. माणूस माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान शोधत रानात नाहीतर बाजारात असतो आणि फोनवर हो म्हणतो ते फक्त तुम्हाला गप्प करायला.

म्हापशाहून

मी बँकेतून निवृत्त झाले आणि ज्येष्ठ नागरिकांच्या गटात गेले. पहिल्या बैठकीला कोणीतरी म्हणालं, 'मावशी, चहाचं तेवढं तुम्ही बघा.' बघितलं. चार वर्षं बघितलं. सगळे गोड बोलायचे, चहाची तारीफ व्हायची, तक्रार कुठे करणार? मग एकदा हिशेब जुळेना. खजिनदार रात्री दहापर्यंत वह्या उलटीपालटी करत होते. कप गोळा करता करता मी म्हटलं, जूनची पावती दोनदा धरली आहे. अध्यक्षांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, 'तुम्ही आधी काय करायचात?'

एप्रिलपासून वह्या माझ्याकडे आहेत. चहा पाळीपाळीने होतो. अध्यक्षांचा फार गोड होतो, पण अजून कोणी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही.