गिटार, बासरी आणि मालवणचा पाऊस

तुम्ही दोघं गिटार-बासरीवर जुन्या गाण्यांचा अल्बम मालवणच्या घरीच, श्रावणात रेकॉर्ड करायचं म्हणताय. बेत मनापासून आवडला, पण दिवाळीपर्यंत थांबा, कळकळीने सांगतो. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसात ती ८०च्या वर असते. लाकूड फुगतं, तारा गिटारच्या बोटं दाबायच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात, सूर टिकत नाही. आम्ही एकदा आषाढात देवगडला हट्टाने बसलो. दुसऱ्याच अंतऱ्याला कंडेन्सर माइक (रेकॉर्डिंगचा, ओलाव्याला नाजूक) फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागला. रात्रभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवला, तेव्हा सकाळी शांत झाला. कौलांवरचा पाऊस तर प्रत्येक टेकमध्ये होताच!

माजघरात दोऱ्या बांधून गोधड्या टाका, घुमारा कमी होतो. बासरी फुंकून गरम झाली की सूर चढतो, म्हणून आधी ती दोन मिनिटं वाजवा आणि मग गिटार तिच्याशी मिळवा.

आणि जुनी गाणी वापरायची परवानगी आधी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीच्या (आधी रेकॉर्ड झालेलं गाणं रॉयल्टी भरून पुन्हा रेकॉर्ड करायची मुभा) वाटेने गेलात तर दरवर्षी प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. त्यापेक्षा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी सरळ बोला. गाण्यांची यादी ठरली की इथे टाका, वाट बघतोय.