केळी, सफरचंद आणि पिशव्या: आपल्या ग्रुपवरची चर्चा

मावशी: चिनूला शाळेसाठी फळं कशी पिकतात यावर प्रयोग करायचाय. हिरवी केळी आणलीत. पुढे काय?

मामा: सोप्पं आहे. एक केळं उघड्यावर, एक कागदी पिशवीत पिकलेल्या सफरचंदाबरोबर. सफरचंदवालं आधी पिवळं होईल. झाला प्रयोग!

दादा: मामा, नाही ना झाला. मग ते पिशवीमुळे पिकलं की सफरचंदामुळे, हे कसं कळणार? एक पिशवी नुसत्या केळ्यांची हवी. केळं स्वतःसुद्धा इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, सोडतं, पिशवीत ते कोंडून राहतं. त्यामुळे तीही उघड्यावरच्या केळ्यांच्या पुढे जाईल, पण सफरचंदवाली सगळ्यात पुढे.

आई: मला तर वाटायचं झाकलं की ऊब लागते म्हणून पिकतं.

दादा: उबेनं वेग वाढतो हे खरंच. म्हणून सगळ्या पिशव्या शेजारी शेजारी, सावलीत ठेवायच्या, म्हणजे ऊब सगळ्यांना सारखी. आणि मावशी, केळी एकाच फणीतली घे, प्रत्येक ठिकाणी किमान दोन. एखादं केळं उगाच आगाऊ असतं.

मामा: मग सफरचंदच का? संत्रं ठेवलं तर?

दादा: वा मामा! ती तिसरी पिशवी. संत्रं, लिंबू, द्राक्षं तोडल्यावर फारशी पिकत नाहीत आणि इथिलीनही अगदी कमी सोडतात. तिथला निकाल नुसत्या पिशवीसारखाच यायला हवा. फक्त संत्रं धडधाकट बघून घ्या. त्यावर येणारी हिरवी बुरशी स्वतःच इथिलीन सोडते, मग सगळा घोळ.

चिनू: दादा हे इथिलीन शोधलं कोणी??

दादा: झाडांवरचा त्याचा परिणाम गॅसच्या दिव्यांमुळे कळला. रशियात नेल्युबोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाची वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत वेडीवाकडी वाढत होती. दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन त्याला कारण, हे त्याने १९०१ साली दाखवलं. फळं स्वतः हा वायू तयार करतात हे मात्र १९३४ साली गेन या शास्त्रज्ञाने सफरचंदांवर सिद्ध केलं.

चिनू: मी एक केळं फ्रिजमध्ये पण ठेवलंय. साल काळपट झालीये. म्हणजे ते सगळ्यात आधी पिकलं 😎

मावशी: सोलून बघितलं मी. आत कडक आहे, चव तुरट.

दादा: हेच मला आवडलं! केळ्याला साधारण १३ अंशांखाली थंडी बाधते, साल काळी पडते आणि आतलं पिकणं अडतं. म्हणजे नुसता रंग लिहून भागणार नाही. आयोडीनची चाचणी कर. प्रत्येक केळ्याची चकती कापायची आणि पाण्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. पिष्ट असेल तिथे निळंकाळं होतं. हिरवं केळं गडद होईल, पिकलेलं जवळपास तसंच राहील, कारण पिष्टाची साखर झालेली असते. फ्रिजमधलं काळं केळं आत काय म्हणतंय ते तिथे कळेल.

आई: आयोडीन लावलेल्या चकत्या कोणी तोंडात टाकू नका. आणि ओट्यावर डाग पडतात, खाली जुनी बशी घ्या.

मामा: प्लॅस्टिकची पिशवी चालेल का? घरात तीच आहे.

दादा: नको. आत पाणी सुटतं, केळी पिकण्याऐवजी सडायला लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळा, पण पिशवीत ठेवायची ती सगळीच तशी, एखादंच नको.

चिनू: फोटो रोज एकाच वेळी काढू ना?

दादा: हो, आणि एकाच उजेडात. दिव्याखाली सगळीच पिवळी दिसतात.