मुंबई विमानतळ ते नाशिक: अंतर आणि प्रवासाचा वेळ

प्रेषक: सदस्या, फ्रँकफर्ट

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थासाठी ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन नाशिकला जाण्याचा विचार आहे. नकाशावर मुंबई विमानतळापासून नाशिक सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर दिसते, तरीही गाडीने चार तास धरा, असे सगळे सांगतात. मुंबईला उतरून रस्त्याने जावे, की दिल्लीमार्गे नाशिकच्या ओझर विमानतळापर्यंत विमानानेच जावे? दोघांनाही फार वेळ बसवत नाही. माहितगारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: सदस्य, सध्या मुक्काम नाशिक

ताईंना सप्रेम नमस्कार.

सरळ रेषेतले १४० किलोमीटर रस्त्याने सुमारे १६५ होतात, परंतु वेळ वाढतो तो या पंचवीस किलोमीटरांमुळे नव्हे. मध्ये सह्याद्री उभा आहे. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाटातून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीला चढते आणि तिथून नाशिकपर्यंत जवळपास त्याच उंचीवरून धावते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून, लांब बोगद्यामुळे, घाटाचा त्रास पुष्कळच कमी झाला आहे. खरी अडचण आता घाटाखाली आहे: विमानतळ, ठाणे आणि भिवंडी ओलांडून आमण्याला पोहोचेपर्यंत किती वेळ जाईल, हे निघण्याच्या वेळेवर ठरते. मध्यरात्रीनंतर उतरणार असाल, तर थकलेल्या ज्येष्ठांना घेऊन पावसात लगेच निघू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुंबईत विश्रांती घेऊन पहाटे पाचला निघालात, तर साडेतीन तासांत नाशिकला पोहोचण्याची आशा धरता येते. सकाळी नऊला निघालात, तर पाच तासही लागू शकतात.

दिल्लीहून ओझर हवाई अंतराने सुमारे १००० किलोमीटर असून उड्डाण साधारण दोन तासांचे आहे. मात्र परदेशातून आल्यावर दिल्लीतच पासपोर्ट तपासणी, सामान आणि कस्टम उरकून पुढच्या विमानासाठी पुन्हा सामान द्यावे लागते, त्यामुळे दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत. ओझरहून शहरात यायला मात्र पाऊण तास पुरतो. दारापासून दारापर्यंत मोजले, तर मुंबईचा मार्ग लवकर पोहोचवतो; पण सलग तीन-चार तास गाडीत बसणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मी दिल्लीच सुचवीन, कारण तिथे व्हीलचेअर मिळते आणि मध्ये पाय मोकळे करता येतात.

प्रेषक: सदस्या, फ्रँकफर्ट

मनःपूर्वक आभार. रेल्वेचा पर्याय कसा आहे?

प्रेषक: सदस्य, सध्या मुक्काम नाशिक

उत्तम आहे. शिर्डीला जाणारी वंदे भारत सकाळी मुंबईहून सुटते, ठाण्याला थांबते आणि सीएसएमटीपासून सुमारे अडीच तासांत नाशिकरोडला आणते. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवसांत तर रेल्वेच धरावी. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच थांबवल्या होत्या. स्थानकापासून पंचवटीतले स्नानाचे रामकुंड सुमारे नऊ-दहा किलोमीटर आहे, तेव्हा मुक्कामाची जागा पंचवटीच्या जवळ पाहावी आणि पर्वणीच्या दोन दिवस आधीच पोहोचावे.