शनिवारचा महाराष्ट्र दिन: ठेवायचा, हलवायचा की रद्द?

प्रेषक: कार्यक्रम समिती
बुधवार, सकाळ

सप्रेम नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी सहाला युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये आपला महाराष्ट्र दिन आहे. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या (एसपीसी, तीव्र वादळांचा अंदाज देणारं सरकारी केंद्र) आजच्या नकाशात शनिवारसाठी मध्य ओक्लाहोमावर केशरी पट्टा आहे आणि आपलं नॉर्मन शहर त्याच्या जवळजवळ मधोमध. सकाळपासून काहींनी "कॅन्सल का?" असं विचारलं, तर एकांनी "वडापावची सुकी चटणी कोणाकडे?" असं. दोन्हींची उत्तरं इथेच द्या. व्हॉट्सअॅपवर वेगळी चर्चा सुरू करू नका, मग कोण काय म्हणालं ते कोणालाच सापडत नाही.

प्रेषक: पहिल्या वर्षाचा एमएस विद्यार्थी
बुधवार, दुपार

नमस्कार. मी ऑगस्टमध्ये आलो, त्यामुळे इथला स्प्रिंग पहिल्यांदाच बघतोय. आम्ही चौघे तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला बेसमेंट नाही. दर शनिवारी दुपारी टॉर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे वाजतात तेव्हा रूममेट मान वर करूनही बघत नाहीत. मग खरा भोंगा ओळखायचा कसा? आणि एवढी आधी कल्पना असते तर गाडी काढून सरळ टेक्ससकडे निघून जाणं बरं नाही का?

ग्रुपवरचा नकाशा मी नाशिकला आईला पाठवला, तेव्हापासून तिचे फोन चालू आहेत. तिच्या हिशेबी ऑरेंज अलर्ट म्हणजे शाळांना सुट्टी.

प्रेषक: हवामानशास्त्राची पीएचडीवाली
बुधवार, रात्र

आधी काकूंना शांत करूया. आपल्या आयएमडीचे (भारतीय हवामान खात्याचे) रंग काय करायचं ते सांगतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. इथल्या नकाशातला रंग फक्त शक्यता सांगतो. चार दिवस आधीच्या नकाशात केशरी म्हणजे तुमच्यापासून २५ मैलांच्या आत तीव्र वादळ होण्याची शक्यता ३० टक्के. त्यात मोठी गार आली, सोसाट्याचा वारा आला आणि टॉर्नेडोही आला. इतक्या आधी ते वेगवेगळं सांगत नाहीत. शनिवारी सकाळच्या नकाशात टॉर्नेडोचा आकडा वेगळा येईल. तो १० टक्के असला तर "फक्त दहाच" म्हणून हसू नका. एरवीच्या दिवसाच्या मानानं तो फार मोठा आकडा आहे.

बुधवारी शनिवारचं छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याला कारण आहे. खाली मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट हवा असते आणि तिच्यावर पश्चिमेच्या पठारांवरून आलेल्या गरम, कोरड्या हवेचं झाकण. दुपारच्या उन्हानं ते झाकण फुटलं तर तासाभरात ढग आभाळाला भिडतो. नाही फुटलं तर संध्याकाळ लख्ख जाते आणि लोक म्हणतात, अंदाज चुकला. झाकण किती जाड आहे हे बघायला रोज सकाळ-संध्याकाळ नॉर्मनहून फुगा सोडतात, अशा दिवशी दुपारी जादाचाही. शिवाय राज्यभर मेसोनेट या हवामान-जाळ्याची सुमारे १२० केंद्रं आहेत, ७७ काउंट्यांपैकी (म्हणजे जिल्ह्यांपैकी) प्रत्येकीत निदान एक, आणि ती दर पाच मिनिटांनी आकडे पाठवतात. म्हणून शनिवारी सकाळचा अंदाज आजच्यापेक्षा कितीतरी पक्का असेल. समितीनं निर्णय तोवर थांबवावा, पण पर्याय आत्ताच ठरवून ठेवावेत.

आता वॉच आणि वॉर्निंग. वॉच म्हणजे वादळ होण्याजोगी हवा आहे, वॉर्निंग म्हणजे वादळ दिसलंय किंवा येऊ घातलंय. वॉच एसपीसी काढतं, बऱ्याच काउंट्यांसाठी आणि काही तासांसाठी. वॉच लागला की फोन चार्ज, पायात बूट, पासपोर्ट आणि औषधं एका बॅगेत, आणि जायची जागा ठरलेली हवी. वॉर्निंग आमच्याच इमारतीतलं वेदर सर्व्हिसचं नॉर्मन कार्यालय काढतं. २००७ पर्यंत ती अख्ख्या काउंटीला लागायची, आता वादळाच्या वाटेवर छोटा बहुभुज काढतात. त्यामुळे फोन वाजला तर तो तुमच्यासाठीच वाजलाय असं धरा. त्यानंतर हातात साधारण दहा-एक मिनिटं असतात, कधी तेवढीही नाहीत. २०२० मध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा कोकणातल्या लोकांना हलवायला दिवस मिळाला होता. इथे चहा गाळेपर्यंतचा वेळ.

भोंगा घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतो. बंद खोलीत, एसी चालू असताना तो ऐकू येईलच असं नाही. शनिवारी बाराला वाजतो तो चाचणीचा, आणि आभाळ खराब असेल तर ती चाचणीही घेत नाहीत. बाकी कधीही वाजला तर तो खरा. आणि हे फक्त मे महिन्यापुरतं आहे असंही समजू नका. २६ फेब्रुवारी २०२३ ला, रविवारी रात्री नऊच्या सुमारास, नॉर्मनमध्ये ईएफ-२ टॉर्नेडो (तीव्रतेच्या ० ते ५ मापावर दोन) शिरला होता.

तिसरा मजला: आजच खाली जाऊन तळमजल्याच्या शेजाऱ्याशी ओळख कर. वॉर्निंग आल्यावर दार ठोठावून नाव सांगत बसायला वेळ नसतो. त्याच्याकडची मधली, बिनखिडकीची बाथरूम किंवा क्लोजेट बघून ठेव. सायकलचं हेल्मेट असेल तर ते घालायचं. खिडक्या उघडल्यानं घर वाचतं हे जुनं खूळ आहे, त्यात मिनिटं घालवू नकोस.

प्रेषक: मूरचे काका
गुरुवार, पहाट

पोरांनो, गाडीचं मी सांगतो, कारण दर वर्षी कोणीतरी नवीन हेच विचारतो.

३१ मे २०१३. त्याच महिन्याच्या २० तारखेला आमच्या मूरमध्ये ईएफ-५ येऊन गेला होता. २४ माणसं गेली, त्यात प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं. लोक इतके हादरले होते की अकराव्या दिवशी पश्चिमेच्या एल रिनो गावाकडून वादळ येतंय म्हटल्यावर हजारोंनी गाड्या काढल्या. आय-३५ आणि आय-४० तुंबले. तो टॉर्नेडो २.६ मैल रुंद होता, आजवर मोजलेला सगळ्यात रुंद. टॉर्नेडोनं जे आठ जण गेले ते सगळे गाड्यांमध्ये होते. त्यात टिम समारस होता, ज्याचं आयुष्य वादळं मोजण्यात गेलं. त्याला जे जमलं नाही ते तुझ्या सेकंडहँड कोरोलाला जमणार आहे का? त्याच रात्री पुरानं त्याहून जास्त माणसं नेली. काही जण तर निवारा म्हणून नाल्याच्या मोरीत शिरले होते.

आणि पुलाखाली थांबायचं नाही. ३ मे १९९९ ला, म्हणजे रडारनं टॉर्नेडोत ताशी ३०० मैलांच्या आसपास वारा मोजला त्या दिवशी, पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघे गेले. अशा जागी वाऱ्याचा जोर उलट वाढतो.

ज्यांच्या गॅरेजच्या फरशीत शेल्टर आहे त्यांनी त्याची शहराकडे नोंद केली आहे का? वर घर कोसळलं तर दार उघडत नाही, आणि बचाव पथकाला कुठे उकरायचं ते माहीत असावं लागतं.

पण कार्यक्रम रद्द करण्याच्या मी विरोधात आहे. उगाच घबराट कशाला? ओक्लाहोमात मे महिन्यात ढग बघून कार्यक्रम रद्द करायचे तर मंडळ नोव्हेंबरातच चालवा. आम्ही अंगणात खुर्ची टाकून पश्चिमेकडे बघत बसतो, दिसलं की आत.

प्रेषक: हवामानशास्त्राची पीएचडीवाली
गुरुवार, सकाळ

काका, गाडीबद्दल शंभर टक्के. खुर्चीबद्दल नाही. पावसाच्या पडद्याआड असलेला किंवा रात्रीचा टॉर्नेडो अंगणातून दिसत नाही. रडारला मात्र आता हवेत उडालेला मलबा पावसापासून वेगळा ओळखता येतो.

आणि "घबराट" हा युक्तिवाद इथे फार जुना आहे. १९४८ पर्यंत सरकारी अंदाजात टॉर्नेडो हा शब्द सहसा टाळत, लोक घाबरतील म्हणून. त्या वर्षी २० मार्चला टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आला आणि विमानांचा चुराडा झाला. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांना टॉर्नेडोचा अंदाज बांधता येतो का हे शोधायच्या कामाला लावलं. २५ मार्चला त्यांना तसंच हवामान जुळून येताना दिसलं, त्यांनी अंदाज दिला आणि संध्याकाळी खरंच पुन्हा त्याच तळावर टॉर्नेडो आला. विमानं आधीच सुरक्षित केली होती, माणसं आडोशाला होती. तुमच्या घरापासून टिंकर किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

प्रेषक: पूर्व नॉर्मनच्या वहिनी
गुरुवार, दुपार

मला वाटतं आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. हॉलची मला काळजी नाही. काँक्रीटची बिल्डिंग आहे, आतले कॉरिडॉर आहेत, निवाऱ्याच्या जागांची पाटी दाराशी लावलेली आहे. काळजी आहे ती साडेआठची, जेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन सगळे एकदम पार्किंग लॉटमध्ये येतील, काही एडमंडला आणि काही चिकाशाला निघतील. वादळं याच वेळेला रंगात येतात. काकांनी एल रिनोचं सांगितलं तेच आपण स्वतःच्या हातानं घडवून आणायचं का?

दुसरं, ज्यांचे आई-बाबा भारतातून आलेत त्यांच्यासाठी. दिवसभर ते घरात एकटे असतात. फोनवरचा अलर्ट इंग्रजीत येतो नाहीतर स्पॅनिशमध्ये, आणि टीव्हीवाला सारखी काउंट्यांची नावं घेतो. सासूबाईंना नॉर्मन माहीत होतं, क्लीव्हलँड नाही. मी फ्रिजवर मराठीत कागद लावलाय: आपली काउंटी क्लीव्हलँड, फोन कर्कश वाजला की चप्पल नाही, बूट घालायचे, गॅस बंद करायला थांबायचं नाही, जिन्याखालच्या क्लोजेटमध्ये बसायचं, मग मला फोन. एकदा त्यांच्याकडून सराव करून घेतला. सासरे म्हणाले, उशी कुठे आहे? म्हणून आता तिथे उशा आणि पाणीही आहे.

वेदर रेडिओही घ्या, बॅटरीवाला. चॅनेल १६२.४०० आणि काउंटीचा कोड ०४००२७ टाकला की फक्त आपल्या काउंटीसाठी रात्री उठवतो, नाहीतर अर्ध्या राज्यासाठी ओरडत राहील आणि तुम्ही तो कपाटात टाकाल.

प्रेषक: मूरचे काका
गुरुवार, संध्याकाळ

वहिनी म्हणतात ते बरोबर. वेळ बदला. दुपारची ठेवा.

प्रेषक: कार्यक्रम समिती
गुरुवार, रात्र

हॉल सकाळी साडेदहापासून मिळतोय. कार्यक्रम आता शनिवारी ११ ते २:३०. तीनपर्यंत सगळे आपापल्या घरी किंवा जिथे शेल्टर आहे तिथे पोहोचलेले असावेत.

शनिवारी सकाळी साडेआठला शेवटची मेल येईल. रद्द करायचं की नाही ते पीएचडीवाली ताई आणि वहिनी ठरवतील, अध्यक्ष नाही आणि कलाकारांचे आईवडीलही नाहीत. स्टेजच्या बाजूला वहिनींचा रेडिओ असेल. वॉच लागला तर लावणी अर्धी असली तरी माइक बंद, जेवण पॅक करून घरी. थेट वॉर्निंग आली तर पार्किंगकडे कोणी जायचं नाही, सगळ्यांनी आतल्या कॉरिडॉरमध्ये. दाराशी उभे राहून लोकांना आत वळवायला दोन धट्टेकट्टे विद्यार्थी हवेत. एमएसवाल्या, तुझं नाव घातलंय, दुसरा तू शोध. चिकाशाहून येणाऱ्यांना परतीच्या वाटेत अडकायला झालं तर मूरला काकांकडे सोय आहे, त्यांनी स्वतः कळवलंय.

आभाळ साफ असताना बाराला भोंगा वाजला तर तो चाचणीचा. तेव्हा पोवाडा चालू असेल, शाहिरांना कल्पना दिली आहे.

चटणीचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही.