मदत हवी आहे : छपाईचे सुटे खिळे (एकेका अक्षराचे सुटे ठसे) चीनमधून युरोपात गेले, याला पुरावा काय?

आमच्या वाचनमंडळात पुढच्या बैठकीत वादविवाद आहे : 'गुटेनबर्गची (पंधराव्या शतकातला जर्मन मुद्रक) छपाई चीनची देणगी.' मला बाजूने बोलायचंय आणि नुसत्या अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

कागदाचा प्रवास सरळ दाखवता येतो : चीन, समरकंद, बगदाद, स्पेन, मग इटलीतलं फाब्रियानो. तिथे माझी बाजू भक्कम आहे. अडतं ते खिळ्यांपाशी. १०४० च्या दशकात चिनी कारागीर बी शंगने ओल्या मातीत एकेक अक्षर कोरून भाजलं. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरून त्यावर खिळे जुळवायचे, पत्रा तापवायचा, वरून फळीने दाबून सगळे एका पातळीत आणायचे. छापून झालं की पुन्हा तापवून खिळे मोकळे! त्याच शतकातला चिनी विद्वान शेन कुओ याने हे इतकं बारकाईने लिहून ठेवलंय की वाचताना अंगावर काटा येतो. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेला ग्रंथ आजही पॅरिसला आहे.

पण गुटेनबर्गची बायबल १४५५ च्या सुमाराची. त्याचा खिळे ओतायचा साचा, शिसं-कथील-अँटिमनीचा मिश्रधातू, तेलाची शाई, दाबयंत्र हे सगळंच निराळं. समोरचे नेमकं यावरच बोट ठेवणार.

मंगोल काळातल्या प्रवाशांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या लिखाणात चिनी छपाईचा उल्लेख कुणी वाचलाय का? लाकडी ठशांची छपाई युरोपात कशी पोहोचली, यावर मराठीत किंवा इंग्रजीत काही चांगलं असेल तर कृपया सुचवा. आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत अवघड मुद्दा कोणता, तोही सांगा.