गावाकडच्या घरासाठी टीव्हीचा रेकॉर्डर कुठला घ्यावा?

जांबोटीकर_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी विचारतोय.

घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत आहे. पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे गावी जाणं रविवारचंच. आईचं वय ७१. तिची मालिका रात्री साडेसातला लागते आणि देवळातला हरिपाठही साडेसातलाच. तीन वर्षं झाली, ती शेवटचे अभंग सोडून पळत घरी येते. तोवर मालिकेचं शेवटचं एकच दृश्य उरलेलं असतं. मग शेजारच्या काकूला विचारायचं, ‘काय झालं गं?’ काकू जे झालं ते सांगत नाही, तिला जे व्हायला पाहिजे होतं ते सांगते. त्यावरून दोघींत एकदा चार दिवस अबोला होता.

दुपारी तोच भाग परत लागतो, तेव्हा बघू दे, असं कुणी सांगणार असाल तर दुपारी आई शेतात असते, आणि घरी असली तर करंट नसतो. मोबाइलवर बघू दे म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, आमच्या घरात रेंज फक्त न्हाणीच्या पायरीवर येते.

परवा रविवारी गणपत गल्लीच्या बाजूला एका दुकानात गेलो आणि म्हटलं, डीव्हीआर दाखवा, टीव्ही रेकॉर्ड करणारा डबा. त्यानं डबा काढून ठेवला आणि विचारलं, ‘किती कॅमेरे बसवायचे? गोठ्याला पण एक लावा की.’ म्हटलं, ओ, कॅमेरा नको, मला मालिका रेकॉर्ड करायची आहे. त्यावर त्याची आणि त्याच्या पोराची जी नजरानजर झाली, ती बघून मी काही न घेता बाहेर पडलो.

तर छपरावर डिशची छत्री आहे, महिन्याचं रिचार्ज आहे, टीव्ही साधा पण चालू आहे. काय घेऊ? हार्ड डिस्क किती मोठी? आणि आमच्याकडच्या पावसात त्याचा उपयोग होईल का?

शहापूरचा_डिशवाला

भावा, दुकानदाराचं काही चुकलं नाही. आता डीव्हीआर म्हटलं की कॅमेऱ्याचाच. तुला पाहिजे तो ‘रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स’. टाटा स्कायनं (म्हणजे आताचं टाटा प्ले) ‘प्लस’ नावाचा बॉक्स २००८ ला काढला तेव्हा मी नवीनच शिडी घेऊन फिरायला लागलो होतो. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं, त्यामुळे असे बॉक्स दुकानात मांडलेले दिसत नाहीत, विचारून काढून घ्यावे लागतात.

कंपनी कुठली ते नंतर. आधी छपरावर चढून छत्रीच्या तोंडाला किती केबली लागतात ते बघ. चांगल्या रेकॉर्डरमध्ये दोन ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारे भाग, असतात, एकावर रेकॉर्ड आणि दुसऱ्यावर बघायचं. दोन ट्यूनरला दोन केबली. छत्रीच्या तोंडाला सिग्नल पकडणारा डबा असतो तो एलएनबी. साधा एलएनबी एकच केबल देतो, म्हणून दोन केबलींचा ट्विन घ्यावा लागतो. एकच केबल स्प्लिटरनं फाडून दोन करतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. बॉक्स केबलीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावर एलएनबीला कळतं की उभ्या लहरींचे चॅनल द्यायचे की आडव्या. एक ट्यूनर १३ मागणार, दुसरा १८, मग एकाचं चित्र जाणार म्हणजे जाणारच. आईला एकच मालिका बघायची असेल तर एक ट्यूनर पण चालतो म्हणा. पण रविवारी तू क्रिकेट लावणार, तेव्हा भांडण तुमच्यात.

आता पाऊस. कणकुंबी, जांबोटीकडं जुलैत काय होतं ते तुला मी काय सांगू. ढग दाटला की सिग्नल जातो, आणि सिग्नल गेला तर रेकॉर्डर काळा पडदाच रेकॉर्ड करतो. छत्री ६० सेंटीमीटरची असेल तर मोठी बसव, ७५ किंवा ९० ची. थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. उपग्रह कुठं आहे त्यावर पण असतं. टाटा प्लेचा ८३ अंश रेखांशावर, आपल्याकडून बघितलं तर क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर, दक्षिणेच्या अंगाला. एअरटेलचा १०८ अंश रेखांशावर, तो पूर्वेला कललेला, क्षितिजापासून ४५-५० अंशच वर. छत्री तिरकी बघायला लागली की पावसातून जास्त अंतर कापावं लागतं, आणि पूर्वेला फणस असला तर तो पण आडवा येतो. तुझ्याकडं पूर्वेला काय आहे?

आणि एक. केबल भिंतीतून आत घेताना बाहेरच्या बाजूला खाली झोका ठेव, वीतभर. पाणी तिथून टपकतं. सरळ आत घेतली की पाणी केबलीवरून चालत येऊन बॉक्सच्या पाठीत शिरतं. खानापूर भागात मी बदललेल्या निम्म्या बॉक्सांचं मरण ह्याच कारणानं.

निपाणीची_बाई

दादा, मी सहा वर्षं रेकॉर्डर वापरला, म्हणून दोन गोष्टी सांगते. डिशवाले भाऊ ह्या सांगणार नाहीत, कारण त्या छपरावरून दिसत नाहीत.

पहिली. रेकॉर्ड केलेलं त्या बॉक्सच्या बाहेर निघत नाही. माझ्या भाचीचा शाळेचा नाच एका चॅनलवर दाखवला होता. मी हौसेनं जपून ठेवला. दोन वर्षांनी बॉक्स बिघडला, कंपनीनं बदलून दिला. जुनी हार्ड डिस्क नव्या बॉक्सला लावली तर म्हणे फॉरमॅट करा. कॉम्प्युटरला लावली तर रिकामी दाखवते. बॉक्समध्ये घालतात त्या कार्डाचं कुलूप त्या बॉक्सशीच जोडलेलं असतं. नाच आता फक्त माझ्या आणि भाचीच्या डोक्यात आहे, आणि भाची तर तो आठवत नाही म्हणते.

दुसरी. रिचार्ज संपलं की आधी रेकॉर्ड करून ठेवलेलंसुद्धा उघडेना. एका दिवाळीला भरायचं राहिलं, तर तेवढे दिवस घरात साठवलेल्या मालिका असून आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो होतो.

हार्ड डिस्कची फार काळजी करू नका. साध्या चॅनलचा अर्ध्या तासाचा भाग अर्धा जीबीसुद्धा घेत नाही. एचडी असेल तर तासाला तीनएक जीबी धरा. ५०० जीबी आईला आयुष्यभर पुरेल, कारण आपण बघून झालेलं पुसतोच. मी नाही पुसलं, ती गोष्ट वेगळी.

आणि वेळेच्या आधी दोन मिनिटं, नंतर पाच मिनिटं जादा लावायची सोय बॉक्समध्ये आहे का ते बघूनच घ्या. साडेसातची मालिका कधी साडेसातला सुरू होत नाही, आणि महाएपिसोडच्या दिवशी संपता संपत नाही. नेमका हळदीचा प्रसंग कापला जातो.

चिकोडीचे_आप्पा

निवृत्त माणूस आहे, माझ्याकडं दूरदर्शनच्या फ्री डिशचा बॉक्स आहे. महिन्याचा खर्च नाही. बॉक्सच्या पाठीला यूएसबीची खाच असते, पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्ड होतं आणि तीच फाइल कॉम्प्युटरवर पण चालते. कुलूप नाही.

तुमच्या आईची मालिका पैसे भरायच्या चॅनलवर असेल तर ती ह्यावर येणार नाही. पण सह्याद्री येतं. आषाढीला पहाटे पंढरपूरची महापूजा दाखवतात, ती मी रेकॉर्ड करून ठेवतो आणि घरातली मंडळी उठली की सावकाश लावतो. हरिपाठाला जाणाऱ्या बाईला ते आवडेल.

घेणार असाल तर एमपीईजी-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत समजणारा, बॉक्स घ्या, स्वस्तातल्या जुन्या बॉक्सवर काही चॅनल दिसत नाहीत. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, मोठ्या कीर्तनाचे तुकडे पडतात. बिघाड समजू नका. मी बॉक्स दोनदा परत नेऊन दिला होता.

जांबोटीकर_उद्यमबाग

सगळ्यांचे आभार. डिशवाले, पूर्वेला फणस नाही, पण आंबा आहे, आणि तो तोडायचा विषय काढला तर आई मला तोडेल. छत्री ८३ अंशांचीच आहे, म्हणजे आंब्याला धक्का नाही.

आप्पा, पेन ड्राइव्हची कल्पना आवडली, आषाढीच्या आधी बघतो.

करंटचं कुणी बोललं नाही. साडेसातला करंट गेला तर?

शहापूरचा_डिशवाला

मग रेकॉर्डिंग पण गेलं. पण भावा, रेकॉर्ड व्हायला टीव्ही चालू लागत नाही. नुसता बॉक्स चालू पाहिजे, त्याला वीज फार लागत नाही. घरात छोटा इन्व्हर्टर असेल तर फक्त बॉक्सची पिन त्यावर घे. वायफायला लावतात तो छोटा युपीएस घ्यायचा असेल तर आधी बॉक्सच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाच, व्होल्ट जुळले पाहिजेत आणि अँपिअर कमी पडता कामा नयेत. डिस्क फिरायला लागली की जादा ओढते.

बसवून झाल्यावर एकदा मुद्दाम पिन काढून परत लाव. काही बॉक्स करंट आल्यावर आपोआप जागे होत नाहीत. ते रविवारीच कळू दे, सोमवारी साडेसातला नको.

निपाणीची_बाई

आणि पत्ता कर्नाटकाचा दिला की डीलर कन्नड पॅक पुढं करतो, तेवढं बघा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून चॅनल एकेक निवडून घेता येतात. आईला जे लागतात ते मराठी घ्या, बाकीचे काढा. आमच्या घरी कन्नड बातम्या ह्यांना लागतात, म्हणून एक कन्नड ठेवलाय. तेवढ्यावर घरात शांतता आहे.

जांबोटीकर_उद्यमबाग

तीन आठवड्यांनी लिहितोय. छत्री ज्या कंपनीची आहे, त्याच कंपनीचा रेकॉर्डरवाला बॉक्स एका डीलरकडे शिल्लक सापडला. ट्विन एलएनबी, दोन केबली, बाहेर वीतभर झोका. बॉक्स इन्व्हर्टरवर घेतला. पिन काढून बघितली, आपोआप जागा झाला.

आईला रिमोट शिकवायला एक पूर्ण रविवार गेला. लाल बटण म्हणजे रेकॉर्ड हे तिला पटेना, तिच्या मते लाल म्हणजे बंद. शेवटी मालिका रोज आपोआप रेकॉर्ड होईल अशी लावून ठेवली आणि त्या बटणावर चिकटपट्टी मारली. आता ती हरिपाठ पूर्ण करून, प्रसाद घेऊन, सावकाश येते. रात्री नऊला काकू आमच्याकडेच येते. आई जाहिरात लागली की पुढं पळवते, आणि काकू ओरडते, थांब की, ती पैठणी बघू दे.